मोकळे धागे

माझ्या हातचा टाका दिसत नाही. ही बढाई आहे, पण खरी आहे. फाटक्या बाहीचा कोट माझ्याकडे टाकून जा, दोन दिवसांनी घेऊन जा आणि मग भिंग लावून शोधत बसा, कुठे फाटला होता ते. एकतीस वर्षं मी रस्त्यालगतच्या याच खोलीत बसून शिवते आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. दुकानात मी नाकावर माशी बसू देत नाही. घरात मात्र माझी नणंद आहे.

ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर ती माझ्या पदरात पडली की मी तिच्या, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. उंचीला माझ्या खांद्याएवढी, रुंदीला मात्र दार अडवेल अशी. ती जंगलात झाडं पाडते, चेनसॉ घेऊन. तिच्या टोळीत तिला मुंगी म्हणतात, कारण आपल्या वजनाइतकं सामान पाठीवर टाकून ती चढ चढून जाते. घरी आल्यावर मात्र तिला उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचाही कंटाळा.

तिचं सगळं चिलखत मागच्या दाराशी खुंटीवर लटकलेलं असतं. तोंडापुढे जाळी आणि कानांवर कप असलेलं हेल्मेट, चवड्यावर पोलाद असलेले बूट, जाडजूड हातमोजे, आणि ती हिरवी पँट. त्या पँटचा मला पहिल्यापासून राग. जाड, ढगळ, गुडघ्याशी फुगलेली. एवढ्या उन्हाळ्यात माणसाने गादी गुंडाळून हिंडावं का? मी तिला कितीदा म्हटलं, दे, निदान बेताची करून देते. ती हसायची आणि म्हणायची, "वहिनी, तुझ्या कात्रीला दुसरं गिऱ्हाईक बघ."

मागच्या शनिवारी काटेरी तारेत अडकून ती पँट डाव्या मांडीवर फाटली. वीतभर. तिने ती माझ्या टेबलावर टाकली. "वरचंच कापड गेलंय. एक ठिगळ चिकटवून दे फक्त."

चिकटवून! माझ्या दुकानात येऊन, माझ्या टेबलावर, मला म्हणते चिकटवून दे. म्हणजे आचाऱ्याला सांगायचं की डबा नुसता गरम कर. रविवारी दुपारी ती जेवून घोरायला लागल्यावर मी पँट मांडीवर घेतली आणि फाटलेल्या जागेतून आत बोट घातलं.

आत जे होतं ते बघून मला त्या पँट बनवणाऱ्यांची कीव आली. पांढऱ्या, चकचकीत धाग्यांचे सात थर एकावर एक नुसते ठेवलेले. एकाने दुसऱ्याला धरलेलं नाही. बोटाने ढकललं तर थर इकडचा तिकडे सरकत होता. धागे लांबच लांब, सैल, जाळीला कसेबसे अडकवलेले. असं सुटं अस्तर ठेवून कुणी माझ्याकडे नोकरी मागायला आलं असतं, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं.

मग मी मनापासून काम केलं. आतल्या बाजूची शिवण उसवली. सातही थर सारखे केले आणि जाड दोऱ्याने, अंगठ्याएवढे चौकोन पाडत, मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत एकमेकांना पक्के शिवून टाकले. लोंबणारे धागे कात्रीने साफ केले. पण वरच्या कापडावर टाका उमटू दिला नाही, खालच्या अस्तरावरही नाही. शिवण परत जशी होती तशी मिटवली. आणि सगळ्यात शेवटी तिच्या समाधानासाठी वर एक राखाडी ठिगळ चिकटवलं. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या कामांपैकी ते एक होतं, आणि ते कुणाला कधी दिसणार नव्हतं. मला असलं काम आवडतं.

सोमवारी सकाळी तिने ठिगळावरून अंगठा फिरवला, "झकास" म्हणाली आणि गेली. मंगळवारी गेली. बुधवारी गेली. गुरुवारी पहाटे मी डबा भरून दिला आणि ती गेली.

त्याच गुरुवारी सकाळी मी चेनसॉच्या दुकानात गेले. त्यांच्या नारिंगी जाकिटांवर चमकत्या पट्ट्या शिवायचं काम माझ्याकडे असतं. दुकान म्हणजे लांबट शेड. एका भिंतीला करवती टांगलेल्या, दुसऱ्या भिंतीला बूट आणि पँटी, मधोमध तेलकट बाकडं आणि बाकड्यामागे मिस्त्री. मिस्त्री माणूस बडबड्या. बाकड्याशेजारी उलट्या खोक्यावर एक उंच गडी बसला होता. रस्त्याकडेच्या फांद्या तोडण्याच्या कामावरचा. हातातल्या चहावर साय धरली होती. त्याच्या पँटची एक तंगडी मांडीवर फाटली होती आणि तिथून पांढरे धागे बाहेर आले होते, झुपकेच्या झुपके, पार बुटापर्यंत.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"पायावर आली," तो म्हणाला. "चालू करवत. फुल्ल."

माझी नजर आपोआप जमिनीवर गेली. रक्त कुठेच नव्हतं. त्याने फाटलेल्या जागेतून कापड बाजूला करून दाखवलं. मांडीवर एक लाल रेघ, मांजराने ओरबाडावं तशी. बस, तेवढीच.

"आता हे बघा," मिस्त्री म्हणाला. त्याने त्या गड्याची करवत बाकड्यावर घेतली, पान्याने बाजूचं झाकण काढलं. साखळी फिरवणारं दातेरी चाक दिसायला हवं होतं, तिथे पांढरा गोळा होता. मिस्त्रीने चिमट्याने एक टोक धरलं आणि ओढायला लागला. धागा येत गेला, येतच गेला. त्याचा हात डोक्याच्या वर गेला, तरी संपेना. मग दुसरा, मग मूठभर. बाकड्यावर ढीग झाला. साखळी इतकी आवळली गेली होती की हातोडी मारल्याशिवाय हलेना.

मी शिंपीण आहे. धागा काय करू शकतो हे मला कुणी शिकवायला नको, असं मी समजत होते. मी ढिगातला एक धागा उचलून उजेडात धरला. केसाहून बारीक. याने लोखंडी साखळी थांबवली? सेकंदाला वीस-पंचवीस मीटर पळणारी, हातभर ओंडका लोण्यासारखा कापणारी साखळी? उभ्या जन्मात धाग्यापुढे हात जोडावेसे मला पहिल्यांदा वाटले.

"पण कसं?" मी विचारलं. "तुटत का नाही?"

"मोकळा असतो म्हणून," मिस्त्री म्हणाला. "साखळीचा दात लागला की धागा तुटत बसत नाही, ओढला जातो. आतला आत सरकतो, लांबच्या लांब बाहेर येतो, साखळीबरोबर पळत जाऊन चाकाभोवती गुंडाळतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत चाक बंद. सगळी मेख त्या मोकळेपणात आहे. म्हणून तर आम्ही पँट देताना दहादा सांगतो, धुवा, वाळवा, पण इस्त्री नको आणि आत सुई नको."

माझ्या हातातली जाकिटं बाकड्यावर पडली.

"आत सुई घातली तर?"

"घातली तर धागे जागच्या जागी अडकले. ओढलेच जाणार नाहीत. दात येणार, कचाकच कापत जाणार." तो हसला. "मग ती पँट नाही राहिली. पायजमा झाला. कोण असला शहाणपणा करतं म्हणा!"

मी त्याला सांगितलं, कोण करतं ते.

मिस्त्रीचं हसू मावळलं. त्याने लगेच तिला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मग त्याने भिंतीवरून एक नवी पँट ओढली, माझ्याकडे बघून विचारलं, "माप?"

"कंबर छत्तीस, उंची चार अकरा," मी म्हणाले. माप चुकलं नाही.

दुकानाच्या गाडीतून जंगलापर्यंत चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत मी आपल्या हातांकडे बघत होते. डांबरी रस्ता संपला, मातीचा सुरू झाला, दोन्ही अंगांना निलगिरीची उंच झाडं आली. फोन मी अकरा वेळा लावला. मी किती मूर्ख आहे, हे मिस्त्रीने एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

वाटेवर लाल पट्टी आडवी बांधलेली होती. पट्टीपाशी ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर ट्रॅक्टरवाला. वरून करवतीचा आवाज येत होता.

"मुंगीताई झाडाला लागलीय," तो म्हणाला. "तिची शिट्टी होईपर्यंत पुढे नाही."

मी पट्टीखालून वाकून पळणार, तेवढ्यात मिस्त्रीने माझा दंड पकडला. चांगला घट्ट.

"सोड मला."

"ताई, ऐका. त्या वळणापर्यंत जाऊ. तिथून दिसेल. त्यापुढे एक पाऊल नाही. झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट लांब राहायचं."

"हाक मारते."

"कानांवर कप आहेत. आणि समजा ऐकू आली, तर काय करेल? वळेल. हातात चालू करवत घेऊन मागे वळेल." त्याने माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. "आणि तो बिनचिलखताचा पाय वळणाऱ्या करवतीसमोर पहिला येतो. तुम्हाला तेच हवंय का?"

मला तेच नको होतं. म्हणून मी वळणावर उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या नणंदेचं काम बघितलं.

ती मला त्या झाडाच्या बुंध्याशी अगदी एवढीशी दिसली. हिरवी पँट, डाव्या मांडीवर माझं राखाडी ठिगळ. झाड सरळसोट वर गेलेलं, शेंड्याकडे बघायला मान मोडेल इतकं. बुंध्याभोवतीचा पालापाचोळा, झुडपं तिने आधीच काढून टाकली होती. तिरक्या दिशेने मागे जाणारी एक वाटही साफ केलेली दिसत होती.

"ती पळायची वाट," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाला. "झाडाला हात लावायच्या आधी ती करायची."

तिने पडायच्या बाजूला खाच पाडली होती, कलिंगडाची फोड काढावी तशी. आता ती मागच्या बाजूला जायला निघाली. जाताना तिने डाव्या मनगटाने करवतीवरचा आडवा दांडा पुढे ढकलला. साखळी थांबली. दोन पावलं टाकली, पाय रोवले, दांडा मागे घेतला. पुन्हा सरकली, पुन्हा दांडा पुढे. मी मोजत होते. प्रत्येक दोन पावलांना. घरी पंख्याचं बटणही न बंद करणारी ही बाई! इथे तिच्या हाताला एकही गोष्ट विसरायची परवानगी नव्हती, आणि हात विसरत नव्हता.

मग तिने मागचा काप सुरू केला. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, करवत अंगाजवळ, डावा हात ताठ, अंगठा मुठीखालून पूर्ण वळवलेला. डोकं करवतीच्या रेषेत एकदाही आलं नाही. थोडं कापलं, थांबली, वर शेंड्याकडे बघितलं. पाचर ठोकली. पुन्हा कापलं, पुन्हा वर बघितलं. भुसा पिवळ्या फवाऱ्याने तिच्या बुटांवर पडत होता. तिचं झाडाशी काहीतरी बोलणं चालू होतं, आणि त्यात तिसऱ्याला जागा नव्हती.

"आरपार कापणार नाही ती," मिस्त्री म्हणाला. "मधे दोन बोटं लाकूड राखेल. बिजागरी. तेवढ्यावरच झाड वळतं, दार मिटतं तसं. पूर्ण कापलं तर झाड मोकाट सुटतं."

मी ऐकत होते, पण माझे डोळे त्या ठिगळावर. काप संपवून तिने करवत बाहेर ओढली तेव्हा साखळी अजून फिरत होती आणि ती तिच्या डाव्या मांडीपासून हातभरसुद्धा लांब नव्हती. तेवढ्यात तिचा पाय एका फांदीवर घसरला. अगदी थोडा. तिने सावरलं, मनगटाने दांडा ढकलला, साखळी थांबली. तिच्या दृष्टीने काहीच झालं नव्हतं. मी मात्र मिस्त्रीचं मनगट इतकं दाबलं की नंतर त्यावर माझी नखं उमटलेली होती.

तिने करवत खाली ठेवली. हातोडीने पाचरीवर एक घाव, दुसरा, तिसरा. मग हातोडीही टाकून ती त्या साफ केलेल्या वाटेने मागे गेली. घाई न करता, नजर झाडावर ठेवून.

आधी काहीच हललं नाही. मग पार वर, पानांत, वारा नसताना एक सळसळ झाली. शेंडा आकाशावरून सरकायला लागला, इतका हळू की मला वाटलं मलाच घेरी आली. बिजागरी कडकडली. आणि ते एवढं मोठं झाड, कुणाच्या आजोबांच्या आधीपासून उभं असलेलं, तिने काठी रोवून ठेवलेल्या जागेवर, दोन कोवळ्या रोपांच्या मधून, कुणालाही न दुखावता आडवं झालं. जमीन माझ्या तळव्यांतून वर गुडघ्यापर्यंत आली. नंतर पानांचा वास. नंतर इतकी शांतता की मला माझाच श्वास ऐकू आला.

नऊ वर्षं मी या बाईला ओल्या टॉवेलवरून बोलत होते.

शिट्टी वाजली. तिने जाळी वर केली, आम्हाला बघितलं आणि धावतच आली.

"वहिनी? काय झालं? घरी काही झालं?"

"पँट काढ," मी म्हणाले.

"काय?"

"आधी पँट काढ. ही घाल. मग सांगते."

तिने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री झाडांकडे बघायला लागला. ती ट्रॅक्टरमागे जाऊन पँट बदलून आली आणि मी तिला सगळं सांगितलं. अंगठ्याएवढे चौकोन, कात्री, उसवून मिटवलेली शिवण. काही गाळलं नाही. ती ऐकत होती, जुनी पँट हातात धरून. तिने अंगठा ठिगळाखाली दाबला, आतले थर सरकवून बघायचा प्रयत्न केला. ते सरकले नाहीत.

"इतकं सफाईचं," ती हळूच म्हणाली. "जरासुद्धा कळत नाही."

माझ्या कामाचं असं कौतुक मला पुन्हा कधीही नको आहे.

मग तिने ती पँट एका ओंडक्यावर पसरली, कमरेला आणि घोट्यापाशी दोरीने आवळली, आम्हाला लांब उभं केलं आणि करवत चालू केली. ठिगळावर टेकवली. मला वाटत होतं, आवाज तरी बदलेल. नाही बदलला. आधी हिरवा कपटा उडाला, मग पांढरे तुकडे, बोटभर लांबीचे, नुसते तुकडे. आणि लगेच त्यांच्या मागून पिवळा भुसा यायला लागला. लाकडाचा.

तिने करवत बंद केली. मी पुढे गेले आणि त्या कापात बोट घातलं. पँटमधून खाली, ओंडक्यात. तिसऱ्या पेरापर्यंत आत गेलं, तरी तळ लागला नाही. मी तिथेच मातीत बसले आणि रडले. मोठ्याने रडले, लाज वगैरे काही नाही.

ती शेजारी बसली. मला वाटलं, आता बोलेल. बोलावंच. माझ्या डोक्यावर मिरी वाटायला इतकी चांगली संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती.

"रोज सकाळी मी पँट चाचपून बघते," ती म्हणाली. "घालायच्या आधी. कमरेपासून खालपर्यंत, दोन्ही तंगड्या. आतले थर सरकतात का ते. वीस वर्षांत एक दिवस चुकवला नाही."

"मग?"

"हे चार दिवस नाही बघितली."

"का गं?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही मीच काहीतरी विचित्र विचारलं. "तू शिवली होतीस ना."

ज्या हातांनी चार दिवस तिचा पाय साखळीसमोर उघडा टाकला होता, त्याच हातांवर या बाईने तो टाकला होता. मीठ कमी झालं म्हणून माझ्याशी भांडणारी ही बाई. एवढा भरवसा माझ्यावर कुणी ठेवला आहे हे मला माहीतच नव्हतं, आणि कळलं तेव्हा मला त्याची भीतीच वाटली.

ट्रॅक्टरवाल्याने खालून हाक दिली. अजून दोन झाडं बाकी होती. तिने हेल्मेट उचललं.

"थांब," मी म्हणाले.

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि नव्या पँटची डावी तंगडी दोन्ही तळव्यांत धरली. कमरेपासून सुरुवात केली. चिमटीत कापड घेऊन आतला थर थोडा थोडा सरकवत खाली आले. मांडी, गुडघा, नडगी, घोटा. मग उजवी. इतकं सैल, इतकं सुटं अस्तर मी एकतीस वर्षांत कधी खपवून घेतलं नव्हतं. एक जागा मला शंकेची वाटली, ती पुन्हा बघितली. ती हातात करवत घेऊन उभी राहिली.

"सरकतंय?" तिने विचारलं.

"सरकतंय."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"मग जाऊ?"

मी हात काढून घेतले. "जा," मी म्हणाले आणि वळणापर्यंत मागे चालत गेले.